तळघरातील ध्वनिमुद्रिका

गाणे गाणाऱ्याचे असते. पण ते तबकडीवर कसे उतरावे हे कोणी ठरवायचे? हा प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आले आणि एका हॉटेलच्या खोलीत त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. कर्ण्यासमोर उभे राहायचे आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपायचे. गाणार कलावंत, यंत्र कंपनीचे, आणि शेवटचा शब्दही कंपनीचाच. पुढे कर्णा गेला, मायक्रोफोन आला, चुंबकीय फीत आली. पण ही वाटणी बराच काळ तशीच राहिली. ती मोडणाऱ्या एका माणसाची ही हकिकत अमेरिकेतली आहे.

टॉम शोल्झ हा मॅसॅच्युसेट्समधील एम्. आय्. टी. या प्रख्यात संस्थेत शिकलेला इंजिनिअर. काढलेला फोटो तिथल्या तिथे हातात देणारे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइड कंपनीत तो नोकरीला होता. दिवसा कारखान्याचे काम, रात्री गिटार. वॉटरटाउन गावी राहत्या घराच्या तळघरात, भट्टीशेजारच्या चिंचोळ्या जागेत, पगारातून पैसे वाचवून त्याने स्वतःचे ध्वनिमुद्रणाचे सामान जमवले. त्यात बारा पट्ट्यांचे एक स्कली यंत्र होते.

हे बारा पट्ट्यांचे प्रकरण काय, ते समजून घेऊ. शेतात शेजारी शेजारी तास धरावेत, तशा एकाच फितीवर बारा वेगळ्या वाटा असतात. समजा, भजनी मंडळातला एकच माणूस हौशी आहे. पहिल्या वाटेवर तो पखवाज भरतो. मग तो पखवाज कानाला ऐकत दुसऱ्या वाटेवर टाळ, तिसऱ्यावर पेटी, चौथ्यावर गळा. एक वाट बिघडली तर तेवढीच पुसून पुन्हा भरायची, बाकीच्या शाबूत. शेवटी सगळ्या एकत्र वाजवल्या की अख्खं मंडळ बसल्यासारखं ऐकू येतं! शोल्झ याच रीतीने गिटार, ऑर्गन वगैरे वाद्ये स्वतः वाजवून भरी. गाण्यासाठी ब्रॅड डेल्प होता. तोही आपल्याच आवाजाचे थर एकावर एक चढवून कोरस उभा करी.

तयार झालेल्या नमुन्याच्या फिती कंपन्यांकडे गेल्या आणि नकार घेऊन परत आल्या. असे वारंवार झाले. अखेर १९७५ मध्ये एपिक कंपनीने करार केला. पण अट अशी, की ही गाणी व्यावसायिक स्टुडिओत, बाहेरच्या निर्मात्याच्या हाताखाली नव्याने मुद्रित व्हावीत. शोल्झपुढे पेच पडला. ज्या आवाजासाठी पाच-सहा वर्षे घासली, तो आवाज त्या तळघरात आणि त्याच्या हातांत होता. स्टुडिओत तो तसाच येईल याची हमी कोण देणार?

निर्माता जॉन बॉयलन समजूतदार निघाला. इतर वादकांना घेऊन तो लॉस एंजलिसला गेला आणि तिथे त्यांनी एक गाणे मुद्रित केले. कंपनीला वाटले, काम स्टुडिओत चालले आहे. शोल्झ मात्र तळघरात बसून बाकीची गाणी पुन्हा वाजवत होता. ती संपल्यावर शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातून ध्वनिमुद्रणाची गाडी आली. तळघराच्या खिडकीतून केबल ओढून सारा मजकूर चोवीस पट्ट्यांच्या फितीवर उतरवला गेला. डेल्पचा आवाज पुढे लॉस एंजलिसच्या स्टुडिओत भरण्यात आला.

२५ ऑगस्ट १९७६ रोजी ‘बॉस्टन’ नावाच्या या वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. एकट्या अमेरिकेत तिच्या १ कोटी ७० लाखांवर प्रती खपल्या.

कंपनीला अंधारात ठेवणे योग्य होते का, असे कोणी शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि वर्गात चर्चेला घेण्याजोगाही. शिवाय हेही विसरू नये, की ही तबकडी गावोगाव पोचवली ती त्याच कंपनीने. म्हणजे कंपनी निरुपयोगी नव्हती. फक्त तिचा अधिकार कुठवर, एवढाच वाद होता. काम ऐकून पारखावे, जागा पाहून नव्हे, हे शोल्झचे म्हणणे खपाने खरे ठरवले.

१९७९ मध्ये टास्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार वाटा भरणारे लहान यंत्र काढले, आणि घरी मुद्रण करणे इंजिनिअर नसलेल्यांनाही जमू लागले. कंपनीच्या आश्रयाविना, स्वतःच्या हिमतीवर तबकड्या काढणाऱ्या वाद्यवृंदांना पुढे ‘इंडी’ म्हणू लागले. आज तर खिशातल्या फोनवरही अनेक वाटांचे मुद्रण होते. गावातल्या शाहिराला, भजनी मंडळाला, शाळेच्या समूहगीताला आता यंत्राची वाट पाहायला नको. मात्र एक वाट बिघडली तर ती पुसून पुन्हा भरण्याचा, दहादा भरण्याचा धीर लागतो. तो शोल्झपाशी होता. फोनाबरोबर तो विकत मिळत नाही.