कार्बन बाजार : विकसनशील देशांचा अनुभव आणि भारताची नवी व्यवस्था

हरितगृह वायू वातावरणात सोडणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागावी आणि ते रोखणाऱ्याला मोबदला मिळावा, या कल्पनेवर कार्बन बाजार उभा आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तितकीच तापमानवाढ घडवू शकणारा अन्य वायू, रोखला गेला की एक कार्बन क्रेडिट मिळते. या क्रेडिटची खरेदी-विक्री करता येते. विकसनशील देशांतील उद्योगांना या बाजाराची ओळख होऊन आता दोन दशके उलटली आहेत.

क्योटो करार आणि स्वच्छ विकास यंत्रणा

डिसेंबर 1997 मध्ये जपानमधील क्योटो येथे करार झाला आणि 16 फेब्रुवारी 2005 रोजी तो अंमलात आला. या करारानुसार उत्सर्जन घटवण्याचे बंधन केवळ औद्योगिक राष्ट्रांवर होते. आपल्या बंधनाचा काही भाग त्यांना विकसनशील देशांतील प्रकल्पांकडून क्रेडिट विकत घेऊन पूर्ण करता येत असे. या व्यवस्थेला स्वच्छ विकास यंत्रणा असे नाव देण्यात आले.

भारताने 2002 मध्ये या कराराला मान्यता दिली आणि 2003 च्या अखेरीस प्रकल्पांच्या मंजुरीसाठी राष्ट्रीय प्राधिकरण स्थापन केले. पवनचक्क्या, लघु जलविद्युत प्रकल्प, साखर कारखान्यांतील बगॅसवर आधारित सहवीजनिर्मिती, सिमेंट व पोलाद कारखान्यांतील वाया जाणाऱ्या उष्णतेचा वापर असे अनेक प्रकल्प पुढे आले. नोंदणीकृत प्रकल्पांच्या संख्येत चीनपाठोपाठ भारताचा क्रमांक लागला. आफ्रिकेतील गरीब देशांच्या वाट्याला मात्र फारच थोडे प्रकल्प आले.

क्रेडिट मिळवण्यासाठी प्रकल्पाला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. प्रकल्प नसता तर किती उत्सर्जन झाले असते, हा पहिला प्रश्न. क्रेडिटच्या उत्पन्नाविना हा प्रकल्प उभा राहिलाच नसता काय, हा दुसरा. दोन्ही उत्तरे न घडलेल्या गोष्टींविषयी असल्याने पडताळणी प्रामाणिक असणे ही या बाजाराची पहिली अट ठरते.

एका वायूचा धडा

ही अट डळमळीत झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे एचएफसी-23 हा वायू. शीतकरणासाठी लागणारा एचसीएफसी-22 तयार करताना तो उपपदार्थ म्हणून निघतो. क्योटो करारातील हिशेबानुसार त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या 11,700 टनांबरोबर धरला जाई. तो जाळून नष्ट करण्याचा खर्च अल्प आणि त्यापासून मिळणारे क्रेडिट मात्र अमाप, अशी स्थिती होती. भारतातील नोंदणी झालेला पहिला प्रकल्पही याच प्रकारचा, गुजरातमधील होता. पुढे, केवळ क्रेडिटसाठी मूळ रसायनाचे उत्पादन वाढवले जाण्याची शंका जगभर व्यक्त होऊ लागली. युरोपीय संघाने 2013 पासून अशा क्रेडिटचा वापर बंद केला. ऑक्टोबर 2016 मध्ये भारत सरकारने हा वायू उत्पादकांनी स्वखर्चाने नष्ट करावा, असा निर्णय घेतला. जे उत्पन्नाचे साधन होते, ते कर्तव्य बनले.

भाव कोसळला, बचत टिकली

2008 च्या मध्यास एका क्रेडिटला 20 युरोंहून अधिक भाव मिळत होता. जागतिक मंदीमुळे युरोपातील उत्सर्जन घटले, क्रेडिटचा पुरवठा वाढत गेला आणि 2012 अखेरीस हा भाव एका युरोच्याही खाली आला. केवळ क्रेडिटच्या विक्रीवर विसंबून आखलेल्या प्रकल्पांचे गणित त्यामुळे बिघडले.

दिल्ली मेट्रोचे उदाहरण याहून वेगळे आहे. मेट्रोची गाडी ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटारी जनित्राचे काम करतात आणि निर्माण झालेली वीज त्याच मार्गावरील दुसऱ्या गाडीला वापरता येते. या प्रकल्पाची नोंदणी 2007 मध्ये झाली आणि जगातील रेल्वे क्षेत्रातला तो अशा स्वरूपाचा पहिला प्रकल्प ठरला. क्रेडिटचा भाव पडला तरी वीजबिलातील बचत थांबत नाही. शाश्वत व्यवसायनीतीचे मर्म येथेच आहे: मूळ फायदा कारखान्याच्या आत असावा, क्रेडिट ही वरची जोड असावी.

भारताची स्वतःची बाजारपेठ

2015 च्या पॅरिस करारानंतर उत्सर्जन घटवण्याची जबाबदारी सर्वच देशांनी स्वीकारली. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने 2022 मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जून 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित करण्यात आली. ऊर्जा दक्षता ब्युरो या योजनेचे प्रशासन पाहते, तर व्यवहारांचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांतील कारखान्यांसाठी उद्दिष्टे अधिसूचित झाली.

हे उद्दिष्ट एकूण उत्सर्जनावर नसून एक टन उत्पादनामागील उत्सर्जनावर आहे. समजा, एखाद्या सिमेंट कारखान्याला टनामागे 0.60 टनाचे उद्दिष्ट मिळाले आणि त्याने ते 0.58 टनांवर आणले. त्याचे उत्पादन 10 लाख टन असेल, तर त्याला 20,000 क्रेडिट मिळतील. उद्दिष्ट चुकवणाऱ्याला तितकी क्रेडिट बाजारातून विकत घ्यावी लागतील. उत्पादन वाढवण्यास यात आडकाठी नाही. मात्र याच कारणाने देशाचे एकूण उत्सर्जन घटेलच, अशी हमीही नाही.

लहान उद्योगांपुढील प्रश्न

युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन व्यवस्था 1 जानेवारी 2026 पासून पूर्णपणे लागू झाली आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट व खते यांसह नट-बोल्टसारखा मालही तिच्या कक्षेत येतो. उगमदेशात मोजलेली कार्बनची किंमत या आकारणीतून वजा होऊ शकते. त्यामुळे निर्यातदाराला आपल्या उत्सर्जनाची पडताळलेली नोंद हाती असणे आवश्यक झाले आहे. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी तज्ज्ञ आहेत. लहान कारखानदाराकडे बहुधा वीजबिल आणि कोळशाच्या पावत्या एवढेच असते. तरीही सुरुवात तेथूनच करता येते. इंधन व विजेचा महिनावार हिशेब, टनामागील वापराची नोंद आणि ऊर्जा लेखापरीक्षण ही पहिली पावले होत.

कार्बन बाजाराचा आजवरचा अनुभव हेच सांगतो की, ज्या टनाचा हिशेब खरा, त्याच क्रेडिटला अखेर किंमत राहते. भारताच्या नव्या बाजारपेठेची विश्वासार्हताही याच कसोटीवर ठरणार आहे.