गाळाने घडविलेले तीर्थ



गोदाकाठच्या माणसाला तीर्थ म्हटले म्हणजे त्र्यंबकेश्वर आठवते, पंचवटी आठवते. याच नदीवर खाली निफाड तालुक्यात आणखी एक तीर्थ आहे; तेथले यात्रेकरू मात्र पंखांनी येतात. त्याचे नाव नांदूर-मध्यमेश्वर. गंमत अशी की, ते कोणी योजून उभारलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाली, आणि कालव्यांचा विचार सरकारला टाळता येईना. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ दगडी बंधारा घालण्यात आला. १९११ च्या सुमारास तो पुरा झाला. कोपरगावकडच्या कोरड्या रानांना त्याच्या कालव्यांनी पाणी मिळाले. पण नदी नुसते पाणी आणीत नाही, मातीही आणते. बंधाऱ्यापाशी प्रवाह मंदावला, गाळ बसला, जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे उभी राहिली, काठी दलदल माजली. इंजिनियराच्या वहीत ही तूट. पाखरांच्या वहीत मात्र ती जमा झाली.

याचे कारण साधे आहे. खोल धरणाच्या तळाशी ऊन पोहोचत नाही; उथळ पाण्यात ते पोहोचते, पाणवनस्पती वाढतात, किडे व शिंपले पोसले जातात. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीच्या झालरीतून पाणी गाळून खाद्य टिपतो, तर चमचा चिखलात चोच फिरवून. हळदी-कुंकू बदक बारमाही येथलेच; काव्यातला विरही चक्रवाक मात्र लडाख-तिबेटकडून हिवाळ्यापुरता येतो. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाणपाखराला आपल्या लोकांनी ‘वारकरी’ म्हटले, यातच सारे आले! पुढे या स्थळाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणू लागले. १९८६ साली ते अभयारण्य झाले, आणि २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे पहिलेच रामसर स्थळ.

आता नदीच्या उगमाकडे वळू. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करीत आली आहेत. मेलेली ढोरे फस्त करून गाव निरोगी ठेवणारा हा पक्षी १९९० नंतर देशभर झपाट्याने ओसरला. भरतपूरला पक्ष्यांची वर्षानुवर्षे मोजदाद होत होती, म्हणून ही घट नजरेस आली. कारण २००४ साली उजेडात आले: दुखणाईत जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक. ते औषध शरीरात असलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली; पण तोवर बहुतेक गिधाडे गेली होती.

या दोन कथा शेजारी ठेवून पाहा. बंधारा बांधणाऱ्याच्या मनात पाखरू नव्हते. गाईला औषध देणाऱ्याच्या मनात गिधाड नव्हते. एकाच्या हातून आश्रय झाला, दुसऱ्याच्या हातून संहार. आपल्या कृत्यांचे फळ आपल्या हेतूवर अवलंबून नसते; म्हणून कृत्यानंतरही डोळे उघडे ठेवावे लागतात. पक्षिनिरीक्षण हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला भरतपूरच्या त्या वह्या दाखवाव्यात.

गाळाने कमी झालेले पाणी हे शेतकऱ्याचे खरे नुकसान आहे, आणि पाखरांच्या कौतुकात ते विसरणे अन्यायाचे होईल. त्याची भाकरी आणि चक्रवाकाचा चारा, दोन्ही एकाच वहीत मांडल्याशिवाय हिशेब पुरा होणार नाही.

आणि त्या वहीत नगरवासीयांचेही एक पान आहे. नांदूर नाशिकच्या खाली आहे. आपण घाटावर आणि नाल्यांत जे सोडतो, ते वाहत त्याच उथळ पाण्यात जाऊन थांबते. पुढल्या हिवाळ्यात वारकरी येतील, तेव्हा त्यांच्यापुढे आपण काय वाढून ठेवले असेल, याचा विचार आज घरी जाताना प्रत्येकाने करावा.