मुलकी नियमाचा धडा

मोठ्या मालकांनी नोकरी देताना स्थानिक गरिबांना अग्रक्रम द्यावा काय, हा प्रश्न आपल्या बीड जिल्ह्याला नवा नाही. आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा नोकरी देणारे सर्वांत मोठे मालक सरकारच होते. बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी वरच्या जागा व्यापल्या, अशी येथील लोकांची तक्रार होती. म्हणून १९१९ च्या फर्मानाने मुलकी नियम पक्के झाले. जन्माने संस्थानचा प्रजाजन, अथवा १५ वर्षे येथे वास्तव्य केलेला, तो मुलकी. गैरमुलकी माणसास खास मंजुरीशिवाय सरकारी नोकरी नव्हती.

हेतू न्याय्य होता. परंतु नियमात जन्म व वास्तव्य यांचा विचार होता, गरिबीचा नव्हता. कारभाराची भाषा उर्दू. खेड्यांत शाळा थोड्या. त्यामुळे शिकलेल्या मुलकीला लाभ झाला. खेड्यातील गरिबाचे मूल, हिंदू असो वा मुसलमान, मागेच राहिले.

१९५० च्या राज्यघटनेने सरकारी नोकरीत जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली; वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेस दिला. हे आपल्या हिताचेच आहे. आपले ऊसतोड मजूर दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तेथे त्यांना 'बाहेरचे' म्हणून अडविले तर?

म्हणून माझे मत असे की, मोठ्या कारखान्याने शेजारच्या गरिबास आधी काम शिकवावे व मग कामावर घ्यावे. परंतु परगावच्या गरिबास दार बंद करू नये. आणि पालकहो, मुलामुलींची शाळा मध्येच सोडवू नका. नुसत्या मुलकीपणावर नोकरी मिळत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवले आहे.