रिकाम्या डब्याची किंमत

मोंढ्यांतील व्यवहारांत 'बारदान' हा शब्द नेहमीं कानांवर पडतो. फारसींत 'बार' म्हणजे ओझें. तें ज्यांत भरावयाचें तें बारदान. पोतें, पेटी, डबा, पिंप हीं सारीं त्यांत मोडतात. माल तोलतांना व्यापारी बारदानाचें वजन वजा करतो आणि पुष्कळदां त्याची किंमतही निराळी धरतो. वस्तु वेगळी, तिचें वेष्टन वेगळें, आणि दोहोंसही आपापलें मोल, हा हिशेब आमच्या बाजारास फार दिवसांपासून ठाऊक आहे. या वेष्टनाच्या मोलाची कथा येथें सांगावयाची आहे. ती सांगण्याचें कारण असें कीं, सन २०१८ मध्यें कचऱ्यानें औरंगाबाद शहराची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराची, जी दुर्दशा केली, तिचें एक मोठें मूळ हें मोल नाहींसें होण्यांत आहे असें आम्हांस वाटतें. शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यालगत मुकुंदवाडी आहे. एके काळचें हें खेडें आज महानगरपालिकेच्या हद्दींत गजबजलेलें आहे. या कथेचीं दोन्ही टोकें तेथें एकाच घरांत पाहावयास मिळतात.

तागाच्या पोत्याचें उदाहरण प्रथम घेऊं. त्याचें आयुष्य एखाद्या सुस्थित कुटुंबांतील लुगड्यासारखें असे. पहिल्यानें त्यांतून धान्य आलें. मोकळें झालें कीं तें बारदानवाल्याकडे गेलें. त्यानें ठिगळ लावून पुन्हा बाजारांत सोडलें. अगदींच जीर्ण झालें म्हणजे पावसाळ्यांत डोक्यावर घेण्याची खोळ, मग न्हाणीच्या दाराचें तरट, शेवटीं उंबऱ्यापाशीं पायपुसणें. आणि तेंही फाटलें कीं माती. सन १९८७ मध्यें केंद्र सरकारनें कांहीं मालासाठीं तागाच्या वेष्टनाची सक्ति करणारा कायदा केला. त्याचा हेतु ताग पिकविणाऱ्यांचें व गिरण्यांतील कामगारांचें हित हा होता. पोत्याच्या या दीर्घायुष्याचा लाभ आपणांस त्यांतून फुकट मिळाला.

याहून उद्बोधक कथा रॉकेलच्या डब्याची आहे. सन १८९२ च्या ऑगस्टांत मार्कस सॅम्युएल या लंडनच्या व्यापाऱ्याचें 'म्यूरेक्स' नांवाचें जहाज सुएझच्या कालव्यांतून पूर्वेकडे निघालें. त्यांतील रॉकेल डब्यांत नसून जहाजाच्या पोटांतील टांक्यांत सुटें भरलेलें होतें. तोंपर्यंत अमेरिकन कंपनीचें रॉकेल पत्र्याच्या डब्यांत, दोन डबे एका लांकडी खोक्यांत बसवून, असें येत असे. सुटें तेल आणणें स्वस्त; गिऱ्हाइकें आपापलीं भांडीं घेऊन येतील आणि स्वस्त तेल भरून नेतील, असा सॅम्युएलचा हिशेब होता. तो साफ चुकला. पूर्वेकडील गिऱ्हाइकास तेलाइतकाच डबाही हवा होता! डब्याचा पत्रा छपरास लागे, त्याच्या बादल्या होत, दिवे होत, तवे होत. तेल स्वस्त असूनही खपेना, तेव्हां सॅम्युएलनें पत्रा जहाजांनीं पाठविला व ठिकठिकाणीं डबे करविले; अमेरिकन डबा निळा, म्हणून आपला लाल रंगविला. पुढें याच व्यवहारांतून 'शेल' ही जगड्व्याळ कंपनी उभी राहिली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मागणीचा नियम शिकवितांना ही गोष्ट सांगावी, इतकी ती मासलेवाईक आहे.

आमच्याकडे त्या डब्याचें काय झालें, तें सांगावयास ग्रंथ उघडण्याचें कारण नाहीं. वरचा पत्रा कापून, आडवा लांकडी दांडा ठोकून त्याची पाण्याची घागर झाली. झांकण बसवून ज्वारीची कोठी झाली. तळाशीं भोंक पाडून तुळस लावली गेली. आणि उभा चिरून, सपाट ठोकून त्यानें कुडाची भिंत शाकारली. सन १९०० मध्यें मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग औरंगाबादेवरून सुरू झाला आणि निजामी मराठवाड्यांत बाहेरचा माल येणें सुलभ झालें. तेल दिव्यांत जळून जाई. डबा मात्र घरांत राही. पंधरा किलो गोडेतेलाचा चौकोनी डबा आज घरोघरीं दिसतो, तो त्याच कुळांतला. मोकळा झाल्यावर तो विकतां येतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतें.

या दोन्ही उदाहरणांत पुनरुपयोग घडला तो वापरणाऱ्याच्या हिकमतीनें. विक्रेत्यानें स्वतःच परतीची वाट आंखल्याचें उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईच्या आरे वसाहतीचें दूध. दारा खुरोडी यांच्या खटपटीनें ही वसाहत १९४९ मध्यें उभी राहिली. दूध कांचेच्या बाटलींत, तोंडावर पातळ ॲल्युमिनियमचें टोपण. सकाळीं केंद्रावर रिकामी बाटली द्यावी आणि भरलेली न्यावी. मध्यमवर्गीय घरांत ती बाटली धुऊन पालथी घालण्याचें काम बहुधा मुलांकडे असे. बाटली फुटली तर घरांत रडारड होई. कारण तिच्याबरोबर पैसे जात. ती बाटली जाड होती, तिचें तोंड रुंद होतें, ती यंत्रानें धुतां येई. म्हणजे ती घडवितांनाच परत येण्यासाठीं घडविली होती.

मग प्लॅस्टिकची पिशवी आली आणि बाटली गेली. याबद्दल उसासे टाकणारे लोक बरेच भेटतात. आम्ही त्यांतले नाहीं. कांच जड असते, ती वाहून नेण्यास इंधन जळतें, धुण्यास पाणी व कढत सोडा लागतो, आणि ती फुटते. पिशवीनें दूध खेडोपाडीं पोंचविलें, हें तिचें श्रेय नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. शिवाय दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची असल्यामुळें भंगारांत तिला थोडाबहुत भाव आहे. खरा बिघाड पुढचा आहे. शांपूची पुडी, गुटख्याची पुडी, बटाट्याच्या कापांचें पाकीट यांत प्लॅस्टिकचे निरनिराळे थर, कित्येकदां ॲल्युमिनियमसुद्धां, असे एकजीव चिकटविलेले असतात कीं ते पुन्हा सोडविणें व्यवहारांत परवडत नाहीं. आंतील जिन्नस महिनोन्महिने कुरकुरीत राहावा म्हणून ही योजना. त्या कामापुरती ती नामी आहे. परंतु जिन्नस संपतांच त्या वेष्टनाची किंमत शून्य होते. अशी शून्य किमतीची वस्तु घरांत ठेवण्यास, धुण्यास किंवा परत नेण्यास कोणासही कारण उरत नाहीं. लोक बेशिस्त झाले म्हणून कचरा वाढला, असें व्याख्यानांतून सांगितलें जातें. आजी तेलाचा डबा जपून ठेवी आणि नात पाकीट फेकते, यांत दोघींच्या स्वभावांत जेवढा फरक आहे, त्याहून फार अधिक त्या दोन वेष्टनांत आहे.

फेंकलेलें जातें कोठें? या शहरापुरतें उत्तर नारेगांव असें होतें. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा तेथें नेऊन ओतला जात होता. आसपासच्या ग्रामस्थांनीं विहिरींचें नासलेलें पाणी, धूर, माशा व मोकाट कुत्रीं सोसलीं, आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजीं कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. शहराच्या रस्तोरस्तीं ढीग साचले. मार्चच्या आरंभीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें नारेगांवीं कचरा टाकण्यास मनाई केली. पाठोपाठ ७ मार्च रोजीं मिटमिट्यास कचरा नेण्यावरून दगडफेक व जाळपोळ झाली. पुढें प्रक्रियेसाठीं चिकलठाणा, पडेगांव, हर्सूल, कांचनवाडी या जागा ठरल्या. त्यांपैकीं चिकलठाणा तर मुकुंदवाडीच्या शेजारींच आहे. आपल्या घरांतील शून्याची किंमत दुसऱ्या कोणास तरी मोजावी लागते, याचा असा उघडा पुरावा क्वचितच मिळतो.

त्याच मार्चांत आणखी दोन गोष्टी घडल्या. २३ मार्च रोजीं महाराष्ट्र सरकारनें प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. तींतील पिशव्यांची बंदी आणि पांच हजारांचा दंड सर्वांच्या ध्यानांत राहिला. परंतु तींत पाण्याच्या बाटल्या व दुधाच्या पिशव्या परत घेण्याची किंमत वेष्टनावर छापावी अशीही तरतूद होती. दुधाच्या पिशवीस निदान पन्नास पैसे. ही कल्पना आरे केंद्राच्या जुन्या रीतीचीच होती, आणि आमच्या मतें साऱ्या अधिसूचनेंत तीच शहाणपणाची होती. दंडाच्या पावत्या फाटल्या. पन्नास पैसे परत देणारा दुकानदार मात्र दिसला नाहीं. दुसरी गोष्ट २७ मार्चची. पुनश्चक्रण न होणारें बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करावें, असें केंद्राच्या २०१६ च्या नियमांत होतें. त्यांत दुरुस्ती होऊन, ज्याचें पुनश्चक्रण होत नाहीं, ज्यापासून ऊर्जाही मिळत नाहीं आणि ज्याचा दुसरा कांहीं उपयोगही नाहीं, अशाच प्लॅस्टिकपुरता तो नियम उरला. जाळल्यावर उष्णता देत नाहीं असें प्लॅस्टिक शोधून काढणें कठीण आहे. तेव्हां पाकीट सुटलें.

परतीच्या किमतीचा प्रयोग आपल्या देशांत चालतच नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ मध्यें निलगिरी जिल्ह्यांतील सरकारी दारूदुकानांत बाटलीमागें दहा रुपये अधिक घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्याचा क्रम सुरू झाला, आणि बहुतांश बाटल्या परत येऊं लागल्या. मद्यपी मनुष्य जर शुद्धीवर येऊन बाटली परत नेतो, तर इतरांविषयीं निराश होण्याचें कारण दिसत नाहीं.

आतां मुकुंदवाडीकडे वळूं. सन २०१९ च्या दुष्काळांत येथील मुलें मुकुंदवाडी स्थानकावरून आगगाडींत बसून औरंगाबाद स्थानकावर जात आणि तेथून पाणी भरून आणीत. ही हकीकत तेव्हां जगभरच्या वृत्तपत्रांत आली. गाडीच्या दारांत उभ्या असलेल्या त्या मुलांच्या चित्रांनीं सर्वांचें मन हेलावलें; त्यांच्या हातांतील भांड्यांकडे बहुधा कोणाचें लक्ष गेलें नसेल. तेलाचे, रंगाचे, औषधांचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे आपल्याकडे पाण्याला लागतात. नळाला कांहीं दिवसांआड पाणी येणाऱ्या वस्त्यांतून घरापुढें जीं निळीं पिंपें उभीं असतात, त्यांतील कित्येक कारखान्यांत रसायनें घेऊन आलेलीं असतात; भंगारवाल्याकडून तीं शेंकड्यांनीं रुपये मोजून विकत घेतलीं जातात. रॉकेलच्या डब्याचाच हा पणतू! आणि त्याचा जुना दोषही यांत उतरला आहे. पूर्वीं त्यांत काय होतें, हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें. झांकणावरील छाप पुसलेला असतो. सोड्यानें दोनदां विसळलें कीं गृहिणीचें समाधान होतें. मुद्दाम दुसऱ्या उपयोगासाठीं घडविलेलें पिंप आपल्या पूर्वजन्माची खूण अंगावर कोरून येईल, किंवा पाण्यास अयोग्य असेल तर सरळ कारखान्याकडेच परत जाईल. वर्तमानपत्राच्या रद्दींत भजीं बांधण्याची आपली जुनी काटकसरही याच कारणानें अंगाशीं आली. शाईंतील द्रव्यें अन्नांत उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनीं ती रीत बंद केली.

भंगाराची हातगाडी गल्लींत आली म्हणजे वेष्टनांचा हा बाजार दारींच भरतो. तेलाचा डबा तो नगावर घेतो. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या तोलून घेतो. कांचेस नाक मुरडतो, पण बीअरची बाटली असेल तर ती पुन्हा भरली जाते म्हणून निराळी ठेवतो. निळें पिंप फुटलेलें असलें तरी त्याबद्दल घासाघीस करतो. चकचकीत पाकिटांचा ढीग पुढें केला, तर तो मान हलवून गाडी पुढें ढकलतो.