यवतमाळ जिल्ह्यातील शाळासमूह आणि पहिल्या इयत्तेची भाषा

शेजारच्या शाळांनी परस्परांच्या साहाय्याने अध्यापन सुधारावे, ही कल्पना आपल्याकडे ठळकपणे मांडली गेली ती कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालात. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. खेड्यातील एकट्या शिक्षकाची अवस्था ते जाणून होते. एक माध्यमिक शाळा मध्यभागी आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडलेल्या, असे 'शाळासंकुल' आयोगाने सुचविले. महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या होत्या. त्यांचे समूह करून केंद्रशाळा व केंद्रप्रमुख नेमण्याची व्यवस्था मात्र १९९४ मध्ये झाली. केंद्रातील शिक्षकांनी नियमाने एकत्र येऊन पाठांची चर्चा करावी, यासाठी शिक्षण परिषदेची प्रथा पडली.

यवतमाळ जिल्ह्यात या व्यवस्थेपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो अंतराचा नसून भाषेचा आहे. एकाच केंद्रात मराठीभाषी गावाची शाळा, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची शाळा आणि कोलामांच्या पोडावरची शाळा असू शकते. गोरमाटी ही निदान मराठीप्रमाणे आर्यकुळातील. गोंडी व कोलामी या द्राविड कुळातील. कोलामीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात १९०६ मध्येच झाली होती, आणि एमेनो यांचे वर्धा भागातील कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते; ते पहिलीच्या वर्गापर्यंत पोचले नाही, इतकेच.

एकच उदाहरण पुरे. कोलामीत नामांचे दोन वर्ग: पुरुषवाचक आणि इतर. स्त्री, झाड, गाय ही सर्व दुसऱ्या वर्गात पडतात. अशा भाषेतून आलेल्या मुलाला 'ती' आणि 'ते' यांतील भेद घरून मिळालेला नसतो. तो चुकला की शिक्षक त्यास दुर्लक्षाचा दोष मानतो आणि वहीवर तांबडी रेघ ओढतो. वस्तुतः ही चूक नियमबद्ध आहे. पोडावरचा एकटा शिक्षक हे कसे ओळखणार? दहा पोडांवरचे शिक्षक आपापल्या मुलांच्या वह्या समोर ठेवून बसले, तर एका बैठकीत ओळखतील. परंतु शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरण्यातच वेळ सरू लागला, तर हे काम तिच्याकडून होणे नाही.

घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घातलेले ३५०-अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असे सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासंकुलाची कल्पना पुन्हा हाती घेतली, ती पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात. कोलामांचे पोड मात्र केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी अशा निरनिराळ्या तालुक्यांत विखुरलेले आहेत.