सेंटोसा, क्रूझ आणि जहाजाची उजवी बाजू



जूनची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी एक्सेल शीट उघडतं, आणि मी सीए असल्यामुळे ते न विचारता माझ्या गळ्यात पडतं. यंदा सासूसासरे साताऱ्याहून येतायत. लेक अकरा वर्षांची, धाकटा सात. बेत असा: दोन दिवस सेंटोसा (युनिव्हर्सल स्टुडिओज आलंच), मध्ये एक दिवस पाय वर करून बसायचं, मग तीन रात्रींची क्रूझ, पेनांगला जाऊन परत. आधी पार्क, नंतर जहाज. उलट केलंत तर उन्हात रांगेत उभं राहायला आजीआजोबांच्या अंगात त्राण उरत नाही.

खर्चाचं लिहीनच कधीतरी. आज दुसरं काही.

मागच्या महिन्यात लेकीच्या वर्गात कुणाचं घराणं सिंगापूरला कधी आलं, यावर बोलणं झालं. तिच्या तमिळ मैत्रिणीचे पणजोबा बंदरात कामाला होते. दुसरीचे खापरपणजोबा फुजियानहून आले. आमची म्हणाली, २००९, चांगी एअरपोर्ट. सगळे हसले, तीही हसली. रात्री मात्र विचारलंन, "आई, म्हणजे आपल्यातलं त्याआधी इथे कुणीच नव्हतं?" मी म्हटलं, नाही गं, आपण सगळे पासवर आलेले. ती झोपली. मला काही झोप लागेना, कारण उत्तर न तपासता दिलं होतं. आमच्या धंद्यात हे पाप.

मग दोन शनिवार लायब्ररीत बसले.

१८२४ मध्ये इंग्रज आणि डच यांनी आपापसात बेटं वाटून घेतली. सुमात्रावरचं बेंकुलेन डचांकडे गेलं. तिथे इंग्रजांनी ठेवलेले हिंदुस्थानी कैदी होते, त्यांचं काय करायचं? पाठवले सिंगापूरला. एप्रिल १८२५ मध्ये पहिले ८० मद्रासचे आले, पाठोपाठ १२२ बंगालचे. पुढे थेट हिंदुस्थानातून जहाजं येऊ लागली. बंगाल, मद्रास आणि मुंबई, तिन्ही इलाख्यांतून. १८५७ च्या सुमारास इथे असे दोन हजारांच्या आसपास कैदी होते.

आता मुंबई इलाखा म्हणजे त्या काळी सिंधपासून धारवाडपर्यंत. पुणे, खानदेश, रत्नागिरी त्यातच, १८४८ नंतर साताराही. त्या जहाजांत मराठी बोलणारी माणसं असणार, एवढं म्हणायला मला कुणी ऑडिट क्वेरी काढणार नाही.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आणि सावरकर आठवतात. पण सिंगापूर, पेनांग, मलाक्का ही त्याच्या आधीची काळी पाणी. समुद्र ओलांडला की जात गेली, घर गेलं, परत येणं गेलं. कैदी त्या जहाजाला 'जीता जनाजा' म्हणत, असं मॅकनेअर नावाच्या अधिकाऱ्यानं नोंदवून ठेवलंय. हा कैद्यांवरचा मुख्य अधिकारी होता. १८९९ मध्ये त्यानं या तुरुंगावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ 'कैदी हेच त्यांचे पहारेकरी'. आणि खरंच तसं होतं. चांगली वागणूक असलेल्या कैद्याला पट्टा देऊन बाकीच्यांवर नेमत, म्हणजे पहारेकऱ्यांचा पगार वाचला. कैद्यांचे सहा वर्ग. वर चढत चढत पहिल्या वर्गात पोचलं की तुरुंगाबाहेर राहून कमवायचा परवाना. त्याचं इंग्रजी नाव तिकीट ऑफ लीव्ह. मी सुट्टीची तिकिटं काढत असताना हे वाचलं आणि जरा वेळ लॅपटॉप मिटला.

त्यांनी बांधलं काय काय? ब्रास बसाहला स्वतःचाच तुरुंग. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल, जिच्यासमोरून आपण सिटी हॉल स्टेशनात शिरतो. १८६१ मध्ये तिथे पहिली प्रार्थना झाली. तिच्या भिंतींचा गिलावा शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, जाडी साखर आणि नारळाच्या काथ्या भिजवलेलं पाणी घालून केला होता. (सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, एवढ्यात अनारसे झाले असते.) मग इस्ताना, १८६९ मध्ये पुरी झाली. सेरंगून रोडला, जिथून आपण कढीपत्ता आणि चितळ्यांची बाकरवडी आणतो, तिथे सरकारी वीटभट्ट्या होत्या. विटा पाडणारे हेच.

या सगळ्याची मजुरी कुठल्या खात्याला टाकायची? कॅथेड्रलच्या हिशेबात चुना दिसेल, लाकूड दिसेल. माणसं दिसणार नाहीत.

१८६७ मध्ये सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्या हातून निघून थेट लंडनच्या वसाहत खात्याकडे गेलं, आणि नव्या राज्याला कैद्यांची वसाहत म्हणवून घेणं नको झालं. १८७३ पर्यंत तुरुंग मोडला. काहींना अंदमानला हलवलं, काहींना माफी मिळाली. माफी मिळालेल्यांपैकी बरेच परत गेलेच नाहीत. गाडीवान झाले, गुरं पाळली, दूध विकलं, इथेच संसार केले, आणि पुढच्या पिढ्यांत मिसळून गेले.

आता सेंटोसा. नाव संस्कृतातल्या 'संतोष'वरून मलायमार्गे आलेलं, पण वय किती? १९७० मध्ये बेटाचं पर्यटनस्थळ करायचं ठरलं तेव्हा लोकांकडून नवं नाव मागवलं. त्याआधीचं नाव पुलाऊ ब्लाकांग माती. माती म्हणजे आपली माती नव्हे, मलायमध्ये मृत्यू. ब्लाकांग म्हणजे मागे. का पडलं यावर मतं अनेक: कुणी चाचे म्हणतं, कुणी मलेरिया. इंग्रजांनी तिथे किल्ले आणि तोफा बसवल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी उत्तरेकडून, जोहोरच्या बाजूनं आले आणि १५ तारखेला शहर पडलं. त्यानंतरच्या दिवसांत जपान्यांनी चिनी पुरुषांना वेचून मारलं. समुद्रात मारलेल्यांची प्रेतं या बेटाच्या किनाऱ्याला लागत, तिथल्या युद्धकैद्यांनी ती पुरली. गोल्फ कोर्सजवळ त्याची खूण सांगणारा फलक आहे. सात वर्षांच्या मुलाला हे सांगायचं का? मी नाही सांगणार. अकरा वर्षांच्या मुलीला सांगेन. तिची चिनी मैत्रीण ते घरी ऐकतच असेल.

सिलोसो किल्ला मात्र दोघांनाही दाखवा. प्रवेश फुकट आहे, सकाळी लवकर जा, तोफा बघून मुलं खूश. पार्कच्या दिवशी दोन्ही करायला जाऊ नका, आम्ही एकदा केलंय, संध्याकाळी घरी कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

जहाजाबद्दल. डिस्नेचं नवं जहाज सिंगापूरसाठीच आहे आणि त्यावर चक्क रोलर कोस्टर आहे, म्हणजे पार्क नि क्रूझ एकाच बिलात. ते मुळात गेंटिंग हाँगकाँगसाठी जर्मनीत विस्मारला बांधत होते. २०२२ मध्ये कंपनी बुडाली, जहाज अर्धवट पडलं, त्याच वर्षी डिस्नेनं ते विकत घेतलं. (सेंटोसाचं रिसॉर्ट चालवणारी गेंटिंग सिंगापूर वेगळी कंपनी, गल्लत नको.) आम्ही मात्र पेनांगवालंच घेतोय, आणि कारण वेगळंय.

संध्याकाळी मरिना बेहून निघून जहाज पश्चिमेला वळलं की शहर मागे पडतं. पुढे उजव्या हाताला, हवा स्वच्छ असेल तर, पुलाऊ सातुमू नावाचा एवढासा खडक लागतो आणि त्यावर पांढरा दिवा, रॅफल्स लाइटहाउस. पायाभरणी मे १८५४, दिवा पेटला १ डिसेंबर १८५५ ला. त्याचा ग्रॅनाइट पुलाऊ उबिनच्या खाणीतून आला, आणि तो फोडणारे हात हिंदुस्थानी कैद्यांचे होते. पुढचं बंदर पेनांग. तेही कैद्यांचंच बेट, सिंगापूरच्याही आधीचं.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. डेकवर सांगणार आहे, बोट दाखवून.

बुकिंगवाल्या मुलीनं विचारलं, बाल्कनी की इनसाइड? म्हटलं बाल्कनी, आणि उजवी बाजू. अहो म्हणाले, समुद्र दोन्हीकडे सारखाच असतो. तुम्हाला जमणार असेल तर मागून घ्या; येताना दिवा डावीकडे येतो, पण तेव्हा बहुतेक सगळे झोपलेले असतात. इनसाइड घेतलीत तरी बिघडत नाही, डेक सगळ्यांचा असतो. आजीआजोबा व्हिसावर असतील तर मल्टिपल एंट्री आहे ना ते आधी बघा. जहाज देशाबाहेर जाऊन परत येतं, हे आपण विसरतो.

सासरे पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. दगडी बांधकाम, तेही १८५५ चं, समुद्रात, म्हटल्यावर त्यांनी साताऱ्याहून दुर्बीण आणायचं ठरवलंय. बॅगेच्या वजनात ती बसावी म्हणून लोणच्याची बरणी काढावी लागली, आणि सासूबाई दोन दिवस फोनवर फक्त नातवंडांशी बोलतायत.