उसात सापडलेला बछडा मोठा होतो कसा?

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर तालुक्यांतून बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या येतात. सरीत पाचटावर दोन-तीन पिल्लं आणि आई कुठंच नाही. लोकांना वाटतं, आईनं टाकून दिली. तसं नसतं. मादी भक्ष्याला गेलेली असते, नाहीतर टोळीच्या आवाजानं शेजारच्या उसात दबून बसलेली असते.

मादी तीन-साडेतीन महिने गाभण राहते. एका वेताला बहुधा दोन किंवा तीन पिल्लं होतात. जन्मतः डोळे मिटलेले, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात, ते आधी निळसर दिसतात. या दिवसांत मादी सारखी जागा बदलते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. त्यामुळं एकच पिल्लू दिसलं, तर बाकीची हलवून झाली असतील आणि ती परत येत असेल, हे धरून चालायचं.

दोनेक महिन्यांनी पिल्लं मांस चाखायला लागतात, तीन महिन्यांनंतर हळूहळू दूध सुटतं. मग खरी शाळा. आधी भावंडांवर झडप घालायची, पुढं आईमागं फिरून उंदीर, ससा असलं बारीकसारीक धरायचं. आई सोडायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. आडसाली ऊस लावल्यापासून तुटेपर्यंत जवळपास तेवढाच काळ जातो. त्यानंतर नर लांब जातो, मादी पिल्लू बऱ्याचदा आईच्या टापूजवळच राहतं. पिल्लं व्हायचं वय दोन-अडीच वर्षांनी येतं.

ही शाळा पिंजऱ्यात होत नाही. आई न मिळालेल्या बछड्याला शिकार शिकवणारं कुणी नसतं, त्याचा जन्म बहुतेक पिंजऱ्यातच जातो. म्हणून वनविभाग माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातल्या डॉक्टरांकडून पिल्लं तपासून घेतो आणि अंधार पडायच्या आत सापडल्या जागीच कॅरेटमध्ये ठेवतो. कॅमेरा लावून माणसं लांब थांबतात. मादी बहुतेक वेळा रात्रीतच येऊन पिल्लं नेते. आपण मात्र कौतुकानं घरी आणतो, गाईचं दूध पाजतो, फोटो काढतो. दुधानं पिल्लाला हगवण लागते. आणि पिल्लाला शोधणारी मादी वस्तीभोवती फिरायला लागली की जीव कुणाचा जाईल सांगता येत नाही.

कधीकधी सापडतं ते रानमांजराचं पिल्लू असतं. त्याचे कान टोकदार, शेपूट आखूड. बछड्याचे कान गोल, शेपूट लांब, अंगावर दाट ठिपके. रानमांजराच्या पिल्लांवरही आधी पट्टे असतात, मोठेपणी ते फिके पडतात. ती सात-आठ महिन्यांतच आईपासून सुटी होतात. शेतातले उंदीर खातात, त्यांना तर हातच लावू नये.

पिल्लू दिसलं की कोयता थांबवा, तेवढा तुकडा सोडून टोळी मागं घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा.